खेळण्यास जाण्याची परवानगी मिळणेबाबत

पंचायत समितीत सारी नोकरी लोकांचे अर्ज वाचण्यात आणि त्यांत त्रुटी काढण्यात गेल्यामुळे स्वतः काही लिहायची वेळ आली की माझा हात ‘महोदय’पासूनच सुरू होतो. लग्नाआधी बायकोला पाठवलेल्या पत्रातही मी ‘उपरोक्त विषयी’ असं लिहिलं होतं, असा तिचा आरोप आहे. मला तसं आठवत नाही. पण स्थळप्रत फायलीला आहे.

तर जर्मनीच्या व्हिसाअर्जाला जोडायच्या पत्राचा माझा मसुदा असा सुरू झाला : ‘विषय : खेळण्यासाठी जर्मनी येथे जाण्याची परवानगी मिळणेबाबत.’ लेकीने तो व्हिडिओ कॉलवर वाचला आणि त्यानंतर बराच वेळ पडद्यावर नुसतं तिच्या खोलीचं छत दिसत राहिलं.

लेक डॉर्टमुंडला शिकते. तिथून जवळच एसेन नावाचं गाव आहे आणि त्या गावात दर ऑक्टोबरात ‘श्पील’ नावाचा मेळा भरतो. पटावरचे, पत्त्यांचे, फाशांचे, लाकडी सोंगट्यांचे खेळ. मोबाइल नाही, कॉम्प्युटर नाही. १९८३ साली प्रौढ शिक्षणाच्या एका संस्थेत याची सुरुवात झाली आणि आता चार दिवसांत दोन लाखांवर माणसं येतात, नऊशेच्या वर मांडणारे असतात, आणि ही सगळी मोठी माणसं टेबलाशी बसून खेळतात. ‘आईबाबा, तुम्ही या, आजीला पण आणा,’ लेक म्हणाली. मी विचारलं, ‘आणि तिथे करायचं काय?’ ती म्हणाली, ‘खेळायचं.’ मी विचारलं, ‘ते झाल्यावर?’

आमच्या मोर्शीत ही बातमी फुटल्यावर जो तो हाच प्रश्न विचारू लागला. तीर्थयात्रेला कोणी कारण विचारत नाही, लेकीच्या बाळंतपणाला विचारत नाही, ‘युरोप टूर’ म्हटलं तर उलट हेवा करतात. पण साठी उलटलेला माणूस, त्याची बायको आणि ऐंशीच्या घरातली आई तिकिटं काढून सोंगट्या हलवायला चालले, हे ऐकून आमच्या शेजाऱ्यांनी माझ्या पेन्शनची चौकशी सुरू केली.

त्यातून तारखा. २०२५ सालचा मेळा २३ ते २६ ऑक्टोबर, आणि भाऊबीज नेमकी २३ला! वाड्यात सोयाबीन यायचं, आंबिया बहाराची संत्री झाडावर. आई नाही म्हणणार आणि माझी सुटका होणार, अशा भरवशावर मी होतो. आई पडवीत तूर निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘पाडव्याले तं खेयाचंच असते. पार्वतीनं महादेवाले पटावरच नागवलं होतं.’ दिवाळीच्या पाडव्याला द्यूतप्रतिपदा म्हणतात हे मला कॅलेंडरावरून माहीत होतं. आईला ते महादेवाकडून माहीत होतं. दर शिवरात्रीला ती सालबर्डीला महादेवाच्या जत्रेला जाते, घरातल्या घरात गेल्यासारखी. भाऊबिजेचा तिढाही तिने दोन मिनिटांत सोडवला : ‘भावाले म्हना, यंदा लक्षुमीपूजनालेच ये.’

मग मी कामाला लागलो. नस्ती उघडली. टाचण लावलं. पत्र इंग्रजीत लिहायचं होतं, तरी संदर्भ जोडल्याशिवाय मला चैन पडेना. संदर्भ एक : फतेहपूर सिक्रीच्या महालात फरशीवर आखलेला पचीसीचा पट. संदर्भ दोन : त्याच पचीसीवरून इंग्रजांनी बेतलेला आणि १८९६ साली पेटंट घेतलेला लुडो. संदर्भ तीन : जर्मन घराघरांत खेळला जाणारा ‘मेन्श एर्गेरे डिश निश्ट’, तोही पचीसीच्याच कुळातला, पहिल्या महायुद्धात लष्करी इस्पितळांना फुकट वाटला तेव्हा जर्मनीभर पसरला. संदर्भ चार : आपला मोक्षपट, ज्याची सापशिडी झाली आणि ज्यावर कोपनहेगनच्या याकोब श्मिट-मॅडसेन यांनी २०१९ साली आख्खा प्रबंध लिहिला. निष्कर्ष : सबब, आम्ही नवीन काही करायला येत नसून आमचंच काय काय तुमच्याकडे आहे ते पाहायला येत आहोत.

लेकीने चारही संदर्भ उडवले. ‘बाबा, व्हिसा मागताय की वसुलीची नोटीस देताय?’

उरलेली कागदपत्रं मात्र माझ्या आवडीची होती. फोटो पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटर. तीस हजार युरोचा आरोग्य विमा. माणशी नव्वद युरो फी, जून २०२४ मध्ये ऐंशीची नव्वद झालेली. बँकेचे उतारे. आईच्या उत्पन्नाचा दाखला म्हणून काय लावायचं यावर घरात वाद झाला. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, म्हणून तिचं विवरणपत्र नाही. बँकेत जे येतं ते संत्र्याच्या सौद्याचं, वर्षातून एकदा-दोनदा. आणि ते तरी काय सांगावं! बांगलादेशाने संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवत नेल्यापासून आमच्या वरूड-मोर्शीकडच्या बागा म्हणजे व्यापाऱ्याची वाट पाहायच्या जागा झाल्या आहेत. झाडावर माल बघून तो इसार देतो, भाव पडला की फोन उचलत नाही, आणि फळ गळून पडायला लागलं की येऊन म्हणतो, ‘काकाजी, आता तर बाजारच नाही.’ जर्मनीला दाखवायचा उतारा पाहताना मला पहिल्यांदा दिसलं की त्या ओळी वर्षागणिक कशा बारीक होत गेल्या आहेत. असो. सातबारा जोडला, झाडांच्या नोंदीसकट.

बोटांचे ठसे द्यायला मात्र आम्हा तिघांना जातीने मुंबईला जावं लागलं. अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून एप्रिल २०२५पासून मुंबईला विमान जातं, पण त्याचा वार आणि आमचा वार जमेना. म्हणून मोर्शीहून एसटीने अमरावती आणि संध्याकाळच्या गाडीने मुंबई. आईने तिखट पुऱ्या, चटणी आणि ‘लागल्या तं’ म्हणून आणखी तिखट पुऱ्या घेतल्या. व्हिसा केंद्राच्या दारात कळलं की आत पिशवी चालत नाही. ती समोरच्या चहावाल्याकडे ठेवली. तो म्हणाला, ‘आजी, वास फार भारी आहे, परत येईपर्यंत उरतील असं नाही.’

आत गारठा, टोकन आणि काचा. काचेमागची मुलगी मराठी निघाली. तिने माझी नस्ती उलटीपालटी पाहिली. अनुक्रमणिका असलेला अर्ज तिने आधी पाहिला नसावा.

‘मोर्शी म्हणजे नागपूरजवळ?’

इथे माझा आवाज चढतो. मोर्शी नागपूरजवळ नाही. मोर्शी अमरावती जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे; आमच्या तालुक्यातल्या रिद्धपुरात म्हाइंभटांनी लीळाचरित्राच्या आठवणी गोळा केल्या, म्हणजे मराठी गद्य लिहिलं जात होतं तेव्हा–

‘हो, नागपूरजवळ,’ बायकोने मध्येच सांगून टाकलं.

मग मुलगी आईकडे वळली. ‘आजी, कशासाठी जाताय?’

‘खेयाले.’

मुलीने कीबोर्डवरचे हात उचलले. मी नस्तीतलं पान बारा पुढे सरकवलं. तिने ते वाचलं, आईकडे पाहिलं आणि काय टाइप केलं देव जाणे, पण हसत टाइप केलं.

त्यानंतर ठशांचं यंत्र आलं.

माझे ठसे आले. बायकोचे आले. आईने उजव्या हाताची चार बोटं काचेवर ठेवली आणि यंत्र लाल झालं. पुसून ठेवली, लाल. दाबून ठेवली, लाल. डावा हात, अंगठे, एकेक बोट, ओल्या कागदाने पुसून, कोरड्या कागदाने पुसून. आमच्यामागे रांग वाढत चालली आणि मागचा एक कोट घातलेला माणूस घड्याळ पाहायला लागला. आई म्हणाली, ‘हात ठेव म्हन्ते, ठेवला. दाब म्हन्ते, दाबला. आता काय, तोडून देऊ का?’

पर्यवेक्षक आले. मी नियम वाचून गेलो होतो : बारा वर्षांखालील मुलं आणि ज्यांचे ठसे घेणं शारीरिकदृष्ट्या शक्यच नाही अशी माणसं, यांना ठशांतून सूट. मी तो त्यांना तोंडपाठ म्हणून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, ‘शक्य नसणं वेगळं, आज न उमटणं वेगळं. यांना बोटं आहेत.’ चाळीस वर्षं मी लोकांच्या अर्जांत त्रुटी काढल्या. इतकी देखणी त्रुटी माझ्या हातून कधी निघाली नव्हती.

ही गोष्ट आम्हाला नवी नाही. रेशनच्या दुकानातलं यंत्रही आईचा अंगठा ओळखत नाही. दुकानदार ओळखतो, यंत्र नाही. वडील गेले तेव्हा मी नोकरीवर होतो आणि बाग आईने सांभाळली. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर संत्र्याच्या बुंध्यांना बोर्डो पेस्ट लावावी लागते, नाहीतर डिंक्या येतो. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. ब्रशने लावतात, पण खोडाच्या खाचेत, फांदीच्या काखेत ब्रश पोचत नाही, तिथे आई बोटाने भरायची. हातमोजे कोण घालतं? झाडामागून झाड, वर्षामागून वर्ष. चुना बोटं खातो.

ते बोर्डो म्हणजे फ्रान्समधलं बोर्डो. द्राक्षांवरच्या केवड्यासाठी तिथल्या मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाने १८८५ साली हे मिश्रण जगाला सांगितलं आणि फिरत फिरत ते आमच्या बागेत आलं. म्हणजे ठसे पुसले युरोपने, आणि आता काचेवर बोट ठेवून ते परत मागतही युरोपच होता. हा मुद्दा मी पर्यवेक्षकांपुढे मांडणार होतो, लेखी. पण आईकडे पाहिलं तर ती स्वतःच्या बोटांकडे बघत होती, काहीतरी हरवल्यासारखी. आणि मला काही सुचेना. महोदयसुद्धा.

काचेमागची मुलगी बाहेर आली. तिने आपल्या खणातली क्रीमची ट्यूब आणली, आईशेजारी खुर्ची ओढली आणि आईचं एकेक बोट चोळायला लागली. ‘माझ्या आजीचेपण येत नाहीत,’ ती म्हणाली. ‘कापसाला जाते ना.’ कुठलं गाव म्हणून विचारलं तर दर्यापूरकडची निघाली. मग काय! आईने तिचं आडनाव, मामाचं गाव, बहिणी किती आणि लग्न का झालं नाही, हे सगळं बोटं चोळून होईपर्यंत काढून घेतलं. कोटवाला दुसऱ्या काचेकडे गेला. थोड्या वेळाने यंत्राने डावा हात घेतला, मग उजव्याची तीन बोटं, आणि करंगळीने फार त्रास दिला, पण शेवटी तीही हिरवी झाली. आई यंत्राला म्हणाली, ‘आता कसं!’

बाहेर चहावाल्याकडे पुऱ्या अर्ध्या उरल्या होत्या. त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत, हिशेब चोख.

व्हिसा आला. लक्ष्मीपूजन उरकून रात्रीच नागपूर गाठलं, पाडवा विमानात गेला, भाऊबीज लेकीच्या खोलीत पार पडली. आईने तिथून मामाला पुन्हा फोनवर ओवाळलं. पलीकडून मामाने विचारलं, ओवाळणी डॉलरमध्ये टाकू की रुपयांत. एसेनमधली झोलफेराइनची कोळशाची खाण जागतिक वारसा आहे, १९८६ साली बंद झाली, तिचा मनोरा आम्ही बाहेरूनच पाहिला. थंडी होती.

मेळ्याचं मी वेळापत्रक केलं होतं. दालननिहाय, तासनिहाय, तीन प्रतींत. आत शिरल्यावर पहिल्या दहा मिनिटांत ते निरर्थक झालं, कारण माणसं. पाठीवर खेळण्यांच्या खोक्यांचे डोंगर घेतलेली, चाकांच्या गाड्या ओढणारी, जमिनीवर बसून डबे खाणारी, चेहऱ्यावर कमालीचं गांभीर्य असलेली जर्मन कुटुंबं. आई म्हणाली, ‘सालबर्डीच्या जत्रेसारखंच हाय, फक्त धक्काबुक्की नाई.’ बसायला टेबल रिकामं मिळेपर्यंत उभं राहायचं आणि मिळालं की झडप घालायची, हे मला एसटीच्या सवयीने जमलं; तेवढी एकच गोष्ट जमली. ज्या खेळात सगळे मिळून एका रोगाशी लढतात आणि सगळे एकत्र जिंकतात किंवा हरतात, तो एका तरुणाने आम्हाला फार प्रेमाने समजावून दिला. आई म्हणाली, ‘मंग मारायचं कोनाले?’ आणि उठली.

‘कटान’च्या टेबलाशी मात्र ती बसली. हा खेळ क्लाउस टॉयबर नावाच्या, पेशाने दातांची कामं करणाऱ्या माणसाने १९९५ साली आणला. तेव्हापासून कोट्यवधी प्रती खपल्या. बेटावर वस्ती करायची. वीट, लाकूड, लोकर, गहू, धातू मिळतात आणि नसलेलं दुसऱ्याकडून सौद्याने घ्यायचं. मी नियमपुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. मी चौथ्या पानावर असताना आईच्या दोन वस्त्या झाल्या होत्या. लेक दुभाषी. समोर म्युन्स्टरहून आलेला एक कोवळा पोरगा, त्याला विटा हव्या होत्या आणि विटा सगळ्या आईकडे होत्या. त्याने एका विटेला एक लोकर देऊ केली. आईने नुसती मान हलवली. त्याने दोन लोकर म्हटलं. आई त्याच्या पत्त्यांकडे, मग त्याच्या चेहऱ्याकडे, मग कुठेतरी छताकडे बघत बसली. ही नजर मी ओळखतो. आमच्या बागेच्या धुऱ्यावर मोटारसायकलीला टेकून उभा राहणारा व्यापारी अगदी अशीच नजर लावतो.

पोरगा काकुळतीला आला. दोन लोकर आणि एक गहू.

‘त्याले सांग,’ आई लेकीला म्हणाली, ‘आता तर बाजारच नाई म्हना.’