आईंची चौकशी

हातात तीन राजे आले की ज्यांच्या मुखमंडलावर एकाएकी वैराग्य अवतरते, असे एखादे सद्गृहस्थ आपल्याही सोसायटीत असणारच. आमच्या मुलुंड पूर्वेच्या इमारतीत ती जागा नानासाहेबांनी तहहयात पटकावली आहे. गणपतीच्या मांडवात रात्रीच्या जागरणाला तीन पत्तीची बैठक बसते, बूट दोन रुपयांचा असतो, आणि महसूल खात्यात अव्वल कारकुनीपर्यंत चढून निवृत्त झालेले नानासाहेब, भारी पत्ते दिसताच, आपला हर्ष दडविण्याच्या उदात्त हेतूने शेजाऱ्याकडे वळून अत्यंत मृदू स्वरात विचारतात, ‘काय, आई कशा आहेत?’

चौकशी पुरी होण्याच्या आत सगळे पॅक.

बावन्न पत्त्यांतून तीन पत्त्यांचे २२,१०० हात संभवतात आणि त्यांत ट्रेल, म्हणजे तिन्ही पत्ते सारखे, अवघ्या ५२. म्हणजे सरासरीने ४२५ डावांत एकदा, आणि तीन एक्केच हवे असतील तर ५,५२५ डावांत एकदा हा योग. एवढी तपश्चर्या फळास यावी आणि प्राप्ती काय, तर सहा जणांच्या बुटाचे बारा रुपये, त्यांतले दोन त्यांचेच! रद्दी हातावर ते मौन पाळतात, तेव्हा मंडळी त्यांना निर्धास्तपणे लुटतात. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा अद्याप अमलात आहे, परंतु निव्वळ कौशल्याचा खेळ त्याने वगळला आहे. आणि नानासाहेबांविरुद्ध खेळण्यात दैवाचा अंशही उरत नसल्याने आम्हांस कायद्याची धास्ती नाही.

एका वर्षी त्यांनी भरात येऊन ज्यांची आई चारच महिन्यांपूर्वी निवर्तली होती अशा गृहस्थांनाही तोच प्रश्न केला. ‘स्वर्गात सुखरूप आहेत,’ असे म्हणून त्या गृहस्थांनी शांतपणे पत्ते खाली ठेवले. पुढे सर्वसाधारण सभेत नानासाहेबांनी सेक्रेटरींच्या मातोश्रींची सहज विचारपूस केली, तर यांच्या हाती काहीतरी जबरदस्त कागद आला असावा या समजुतीने पाण्याच्या टाकीची दरखास्त विनाचर्चा मागे घेण्यात आली.

त्यांचा पुतण्या पवईच्या आयआयटीत शिकतो आणि होल्डेम पोकरचा अभ्यासक आहे. त्या खेळात प्रथम दोनच पत्ते हाती येतात. दोन्ही एक्के येण्याचा योग २२१ डावांत एकदा. एकाच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध ते शंभरांत पंच्याऐंशी वेळा जिंकतात, पण नऊ जण अखेरपर्यंत चिकटून राहिले तर जेमतेम तीस-एकतीस वेळा. म्हणून पैसे वाढवून गर्दी पांगवावी, मात्र एखाददुसरे गिऱ्हाईक टिकेल अशा बेताने. ‘आणि काका, तीन पत्तीत तर तीन एक्के हरूच शकत नाहीत, मग लोकांना पळवता कशाला? ब्लाइंडवाल्यांना खेळू द्या. हात भारी असो की भिकार, चाल तीच, चेहरा तोच.’

नानासाहेबांनी उपदेश शिरोधार्य मानला. त्याच रात्री त्यांना तीन राण्या आल्या. ओठ आवळून, कपाळावरचा घाम टिपीत त्यांनी दोन चाली निभावल्या. तिसऱ्या चालीला बांध फुटला आणि ते उद्गारले, ‘वडील कसे आहेत?’

कबूल करणे जिवावर येते, पण माणसाला आनंद झाल्यावर दुसऱ्याची आई आठवावी, हे मला सर्वस्वी हास्यास्पद वाटत नाही. गेल्या गणपतीत माझी आई खरोखरच इस्पितळात होती. रात्रीची पाळी बहिणीची, म्हणून मी मांडवात. ब्लाइंड चाली चढत जाऊन मध्ये तीनशेच्या वर रक्कम साचली होती. नानासाहेबांनी पत्ते उचलले, पाहिले न पाहिल्यासारखे केले आणि माझ्याकडे वळून विचारले. सगळे पॅक, मीसुद्धा एक्क्यासकट इस्पिकचा कलर टाकला. नानासाहेब भांबावले, आणि त्यांच्या हातून बदाम दुर्री, चौकट पंजी, किलवर नव्वी सतरंजीवर पडली.

‘अहो, मी खरंच विचारत होतो!’

पैसे मात्र त्यांनी उचलले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांतल्याच पैशांची शहाळी घेऊन ते इस्पितळात हजर झाले, खाटेजवळ स्टूल ओढून बसले आणि त्याच मृदू स्वरात म्हणाले, ‘आई, कशा आहात?’

सर्व हकिकत माझ्याकडून साद्यंत ऐकलेल्या आईने उशीवरून मान वळवली.

‘एक्के की राजे?’