साहेबांच्या हाताखाली

एडिसन, न्यू जर्सी

ती. बाबा व ती. आई यांस,

इकडे सर्व खुशाल. फक्त घरचा कारभारी बदलला आहे. तुमचा सतरा वर्षांचा नातू आता साहेब झाला असून मी त्याच्याकडे रोजंदारीवर आहे. रोजी मात्र मीच देतो.

साहेब इथल्या स्काउटात आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्यातला सर्वांत वरचा मान म्हणजे ‘ईगल स्काउट’. १९१२ साली पहिल्या पोराला तो मिळाला, तेव्हापासून इथल्या आईबापांच्या मागे हे लचांड लागलं आहे. किमान २१ बिल्ले मिळवायचे, गावाच्या उपयोगाचं एक काम उभं करायचं, आणि तेही अठरावं वर्ष पुरं व्हायच्या आत. चिरंजीवांनी काम अर्थातच शेवटाला ठेवलं.

काम असं: एका वृद्धाश्रमाच्या अंगणात कमरेइतके उंच लाकडी वाफे बांधायचे, म्हणजे म्हाताऱ्यांना न वाकता माती खुरपता येईल. बाबा, मलकापुरात तुम्ही पाणपोई घालता तेव्हा दोन रांजण आणले, ओलं गोणपाट गुंडाळलं की झालं. इथे पहिला खिळा ठोकण्याआधी प्रस्ताव, नकाशा, खर्चाचा अंदाज आणि चार ठिकाणच्या सह्या!

किती तास राबलात याची अट नाही. चार जणांकडून काम करून घेता येतं का, ते पाहतात. म्हणजे शेगावच्या गजानन महाराज संस्थानचा कारभार सेवेकऱ्यांच्या बळावर चालवणाऱ्या शिवशंकरभाऊ पाटलांचा धडा. भाऊ संस्थानचं पाणीसुद्धा घेत नसत म्हणतात; आमचे साहेब मजुरांच्या पिझ्झातला पहिला तुकडा उचलतात.

अठराच्या आतल्यांनी विजेची गोल करवत चालवायची नाही, असा स्काउटांचा नियम. म्हणून करवत माझ्या हातात आणि हुकूम त्याच्या तोंडात. मी म्हटलं, “अरे, फळी आखूड पडेल.” कागदावरून मान वर न करता साहेब म्हणाले, “बाबा, प्लॅनमध्ये आहे तसंच कापा.” कापली. आखूड पडली. सौ.ने डोळे वटारल्यामुळे मी गप्प. मग आश्रमातल्या एका सुतारकाम केलेल्या आजोबांनी खुर्चीत बसूनच जोड कसा द्यायचा ते हातवारे करून दाखवलं, आणि साहेबांनी ते निमूटपणे ऐकलं. स्वतःचा बाप सोडून जगात कोणाचंही ऐकतो, हा गुण आपल्या घराण्यातलाच!

सौ.ने परातभर आलूबोंडे आणले होते. पोरांनी हिरव्या मिरचीसकट फस्त केले. हिशेबाच्या तक्त्यात त्यांची नोंद ‘देणगीत मिळालेलं साहित्य’ अशी झाली आहे.

वाफे उभे राहिले. आता त्यात मेथी लावायचं ठरलं आहे. बियाणं पोस्टाने पाठवू नका, कस्टमवाले अडवतात. ते इथे मिळतं. फक्त आईने रविवारी फोन करून मेथी किती खोल पेरायची ते त्याला सांगावं. मी सांगितलं तर पुन्हा सह्या गोळा कराव्या लागतील.

आपला,
धाकटा