घुबडाने गिळलेल्या गिरण्या

अमेरिकेच्या ओरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांतल्या लाकूडगिरण्या कोणी बुडवल्या, याचा निकाल 1990 साली लागला. आरोपी निघाला ठिपकेदार घुबड. जूनमध्ये सरकारने त्याला संकटग्रस्त ठरवले, पुढे न्यायालयाने जुन्या जंगलांतली तोड रोखली आणि लाकूडतोड्याला वाचवायचे तर घुबड खा, अशा अर्थाच्या पट्ट्या मोटारींच्या मागे झळकल्या. अपशकुनी म्हणून घुबडाची कीर्ती आपल्याकडेही आहे, पण अख्खा उद्योग गिळल्याचा आळ आपणही त्याच्यावर कधी घेतला नव्हता.

मात्र घुबडाचे वकीलपत्र घ्यायचे तर नुसत्या तारखा पुरतात. 12 ऑक्टोबर 1962 च्या वादळाने या किनाऱ्यावर अब्जावधी बोर्ड फूट लाकूड आडवे केले. सडण्याआधी ते खपवायचे होते आणि घरबांधणीच्या धांदलीतल्या जपानला लाकूड हवेच होते. फक्त फळ्या नको होत्या. जपानी घरांच्या खांब-तुळयांची मापे वेगळी, कापायला गिरण्या घरच्या. म्हणून मागणी आली ती अख्ख्या ओंडक्यांना, त्यातही जुन्या, सरळ वाढलेल्यांना. भाव असा चढला की पडलेली झाडे संपल्यावर उभी झाडेही बंदराची वाट धरू लागली. गावच्या गिरणीवाल्याला तो भाव झेपेना. अमेरिकी काँग्रेसने 1968 मध्येच पश्चिमेकडच्या केंद्र सरकारी जंगलांतून होणाऱ्या ओंडक्यांच्या निर्यातीवर वर्षाला 35 कोटी बोर्ड फुटांची मर्यादा घातली आणि 1973 मध्ये ती जवळपास बंदच केली. म्हणजे आग लागल्याचे राज्यकर्त्यांना घुबडाच्या 22 वर्षे आधी कळले होते! खासगी जमिनी मात्र मोकळ्या राहिल्या. तिथला चांगला ओंडका जहाजात चढत गेला आणि परवडेल ते लाकूड शोधत गिरणीवाला सरकारी जंगलाच्या दारात येऊन उभा राहिला. 1990 मध्ये घुबड बसले ते नेमके याच दारावर.

निर्यातीचे कैवारी म्हणतात, डॉलर आले, गोदीत काम वाढले, जमीनमालकाला झाडे लावायची उमेद आली. वॉशिंग्टनमध्ये तर राज्याच्या जंगलांच्या उत्पन्नातून शाळा बांधल्या जातात. सगळे खरे. पण ओंडका जहाजात चढवायला लागतात त्याहून कितीतरी जास्त हात तो कापायला, वाळवायला, रंधायला लागतात, आणि त्या हातांची मजुरी समुद्रापलीकडे गेली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: माणसे यंत्रांनी कमी केली. तेही मान्य. 1980 च्या दशकात मंदीनंतर गिरण्यांचे उत्पादन पुन्हा चढले, नोकऱ्या मात्र परतल्या नाहीत. पण तेव्हाही घुबड सरकारी यादीत यायचे होते. त्याच्यामुळे तोड घटली, हे कोणी नाकारत नाही. ती घट एवढी जिव्हारी का लागली, हे विचारायचे कोणाला सुचले नाही इतकेच.

त्याच 1990 साली काँग्रेसने राज्यांच्या मालकीच्या जमिनींवरच्या ओंडक्यांची निर्यातही आवरायचा कायदा केला आणि त्याच्या नावातच टंचाई निवारण घातले. खासगी मालकांच्या लाकडाला त्यातूनही मोकळीक मिळाली. साहजिकच आहे, मालमत्तेचा हक्क पवित्र असतो आणि घुबडाच्या नावावर सातबारा नसतो.