अर्ध्या हळकुंडाचा मफलर

अर्धा-अर्धा स्कार्फ ही सुमारे दीड मीटर लांबीची विणलेली पट्टी असून तिचा निम्मा भाग यजमान संघाच्या रंगाचा आणि उरलेला निम्मा पाहुण्या संघाच्या रंगाचा असतो. मधोमध, म्हणजे मानेमागे जिथे घाम येतो तिथे, सामन्याची तारीख असते. इंग्लंडमधल्या कुठल्याही मोठ्या फुटबॉल मैदानाबाहेर सामन्याच्या दिवशी तो मिळतो. किंमत दहा पौंडांच्या आसपास. तारखेमुळे त्याचं आयुष्य दुधाच्या पिशवीइतकं ठरतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी तो शिळा. मराठीत या वस्तूला मफलर असा चांगला शब्द आहे, पण मफलर ही पहाटे फिरायला जाणाऱ्या काकांची आणि खोकल्याची वस्तू असल्यामुळे जाणकार स्कार्फच म्हणतात.

स्कार्फचा उगम थंडीत आहे. १८५० च्या कारखाना कायद्यानंतर इंग्लंडमधल्या कापडगिरण्या शनिवारी दुपारी दोनला बंद होऊ लागल्या. पुढे फुटबॉल लोकांचा खेळ झाला तेव्हा गिरणी सुटल्यावर गाठता यावा म्हणून सामना तीनला सुरू करणं सोयीचं ठरलं. लँकशायरमध्ये जानेवारीत भर उघड्यावर दोन तास उभं राहायचं तर गळ्याशी लोकर हवी. घरातल्या बायकांनी ती विणली. क्लबचे रंग दोन, म्हणून लोकरीचे गुंडे दोन. हा स्कार्फ, छातीला लावायचं फितीचं फूल आणि गरगर फिरवला की कडकड वाजणारा लाकडी खुळखुळा, एवढी पाठीराख्याची सगळी मालमत्ता. (दुसऱ्या महायुद्धात विषारी वायूचा इशारा देण्याचं काम याच जातीच्या खुळखुळ्याकडे दिलं होतं, यावरून आवाजाची कल्पना यावी.) यातलं विकत घ्यायचं फारसं काही नव्हतं. क्लबही निवडायचा नव्हता. क्लब बापाकडून येतो, टक्कल येतं तसा, आणि इलाज दोन्हींवर सारखाच चालतो.

अर्धा-अर्धा स्कार्फ मात्र निवड टाळू पाहणाऱ्यांसाठी आहे. त्याचा प्रमुख ग्राहक म्हणजे फुटबॉल पर्यटक. २०१९ साली ब्रिटनला आलेल्या परदेशी पाहुण्यांपैकी सुमारे १५ लाखांनी तिथे फुटबॉलचा सामना पाहिला. म्हणजे ही जमात दुर्मीळ नाही, तिचं संवर्धन करण्याची गरज नाही. ती ओळखण्याच्या खुणा वाचकाला ठाऊक आहेत: पायाशी क्लबच्या दुकानाची भलीमोठी पिशवी, पेनल्टीच्या वेळी गोलाकडे पाठ आणि फोनकडे तोंड, गाणं सुरू झालं की ओठ बंद आणि रेकॉर्डिंग चालू. एक गुण मात्र मान्य करावा लागतो. ऐंशीव्या मिनिटाला बस गाठायला जे उठतात ते पिढीजात पाठीराखे असतात. पर्यटक शेवटपर्यंत बसतो, कारण रिकाम्या मैदानाचा फोटो राहिलेला असतो.

स्कार्फ वापरण्याची पद्धत अजून निश्चित झालेली नाही. परंपरेत स्कार्फ गळ्याभोवती गुंडाळतात, मनगटाला बांधतात किंवा गाण्याच्या वेळी दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरतात. अर्धा-अर्धा स्कार्फ असा ताणला की डावा हात एका संघाला पाठिंबा देतो आणि उजवा दुसऱ्याला. आता प्रश्न कायद्याचा. इंग्लंडमध्ये पाहुण्यांचे पाठीराखे मैदानाच्या एका कोपऱ्यात वेगळे बसवतात, आणि यजमानांच्या बाजूला पाहुण्यांचे रंग घालून कोणी बसल्यास त्याला बाहेर काढता येईल, असं बहुतेक क्लबांच्या प्रवेशाच्या अटींत लिहिलेलं असतं. या अटीनुसार अर्धा-अर्धा स्कार्फवाला निम्मा बाहेर काढण्यास पात्र ठरतो. कोणता निम्मा, हे अटींत नाही. डावा खांदा कायदेशीर आणि उजवा बेकायदेशीर असेल तर सीमारेषा मानेवरून जाते, आणि मान ही संबंधित इसमाने दोन्ही बाजूंना वळवायला मोकळी ठेवलेली असते. रखवालदाराने उजवा खांदा धरून ओढायला सुरुवात केल्यास डावा खांदा तिकिटाचे पैसे परत मागू शकतो. पाहुण्यांच्या कोपऱ्यात हाच पेच उलटा, तिथे डावा खांदा घुसखोर. न्याय्य जागा एकच उरते: दोन गटांच्या मधल्या, ताडपत्री घालून पोलिसांसाठी रिकाम्या सोडलेल्या पट्ट्यात त्याला उभं करावं, दोन्हीकडच्या शिव्या समान अंतरावरून ऐकू येतील असं. परंतु त्या जागेचं तिकीट अद्याप विक्रीला काढलेलं नाही. काढलं तर ते सगळ्यात महाग असेल आणि सोबत कोळंबीचं सँडविच असेल.

मराठी माणसाला हा पोशाख लग्नकार्यातून समजू शकेल. वरपक्षाच्या पंगतीत नवरीकडचा आणि वधूपक्षाच्या पंगतीत नवऱ्याकडचा होऊन जेवून जाणारा एक गृहस्थ प्रत्येक कार्यालयात पूर्वी असे. त्याला कोणी विचारलंच तर तो म्हणे, आम्ही दोन्हीकडचे. फरक इतकाच, की तो फुकट जेवायचा आणि हा भरपूर पैसे मोजून जेवतो. शिवाय त्या गृहस्थाने कधी आंतरपाटच गळ्यात गुंडाळून फोटो काढल्याची नोंद नाही.

या स्कार्फचं खरं कार्य विम्याचं आहे. कोणीही जिंको, निम्मा स्कार्फ जिंकतो. बरोबरी झाली तर पूर्ण. पाठीराखेपणाचा जो मुख्य भाग, म्हणजे हरणं, तो यातून वगळलेला आहे. वस्तुस्थिती अशी, की फुटबॉलमध्ये बहुतेकांचं बहुतेक आयुष्य हरण्यात जातं. करंडक एक आणि संघ वीस, हा हिशेब शाळकरी मुलालाही जमावा. परंपरा या शब्दाखाली जे येतं, ती गाणी, ते तिरकस विनोद, त्याच पबमधली तीच खुर्ची, तो थंडगार पाय, ते सगळं हरलेल्या शनिवारी संध्याकाळी बसून तयार झालेलं आहे. पर्यटकाला त्या गाण्यांचा आवाज हवा असतो. ती ज्यातून आली ते चाळीस शनिवार नको असतात.

स्कार्फच्या बाजूनेही युक्तिवाद केला जातो. जर्मनीत काही क्लबांच्या पाठीराख्यांमध्ये अनेक वर्षांची मैत्री आहे आणि तिथे दोन्ही क्लबांचे रंग एकत्र असलेले मैत्रीचे स्कार्फ मिळतात, हे खरं आहे. पण ती मैत्री आधी झाली आणि स्कार्फ नंतर विणला गेला. मैदानाबाहेरच्या स्कार्फमध्ये मैत्री कोणाची कोणाशी असते? दोन्ही संघांची वेळापत्रकाने गाठ घालून दिली आहे, यापलीकडे संबंध नाही. उद्या एकाच फलाटावर उभ्या असलेल्या दोन लोकलचा असा स्कार्फ निघाला तर त्यालाही मैत्री म्हणावं लागेल.

दोन रंग एकत्र बांधण्याचा एक प्रसंग इंग्लंडच्या इतिहासात आहे. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली. तिच्यात लिव्हरपूलच्या ९७ पाठीराख्यांचा जीव गेला. त्यानंतर आठवड्याभरात लिव्हरपूलमध्ये, शहरातल्या तेव्हाच्या दोन प्रतिस्पर्धी मैदानांच्या मध्ये पसरलेल्या स्टॅन्ली पार्कमधून, लाल आणि निळे स्कार्फ एकमेकांना गाठी मारत सुमारे मैलभर लांबीची माळ या मैदानापासून त्या मैदानापर्यंत नेण्यात आली. ते स्कार्फ लोकांनी स्वतःच्या गळ्यातून काढून दिले होते. कोणी ते विकले नव्हते, कोणी त्यांच्यावर तारीख छापली नव्हती, आणि तारीख आजही कोणाला विचारावी लागत नाही. यानंतर दहा पौंडांच्या पट्टीला कोणी बंधुभाव वगैरे म्हणत असेल तर त्याने निदान त्या शहरात तरी म्हणू नये.

त्या दुर्घटनेनंतर वरच्या दोन विभागांतली उभं राहण्याच्या पायऱ्या १९९४ पर्यंत हटवून सगळीकडे खुर्च्या बसवण्यात आल्या. सुरक्षिततेसाठी ते करण्यात आलं. पण खुर्चीला नंबर असतो, नंबराला भाव असतो, आणि एकदा भाव आला की तो खाली येत नाही. पाहुण्या पाठीराख्यांचं तिकीट सर्वोच्च लीगमध्ये २०१६ पासून ३० पौंडांच्या वर नेता येत नाही. घरच्यांना अशी मर्यादा नाही. घरचा माणूस कुठे जाणार? टक्कल कुठे जातं? अलीकडे काही क्लबांनी म्हाताऱ्यांच्या सवलतींना कात्री लावायला घेतली आहे, आणि हिशेब सरळ आहे. पन्नास वर्षं त्याच जागी बसणारा म्हातारा दरसाल एकच पास घेतो आणि दुकानात काही घेत नाही, कारण त्याचा स्कार्फ आईने विणलेला आहे आणि अजून फाटलेला नाही. त्याच खुर्चीवर दर शनिवारी नवा पर्यटक बसवला तर दर शनिवारी एक तिकीट, एक जर्सी, एक कप, एक किल्ल्यांची साखळी आणि मैदानाची सहल खपते. असा म्हातारा म्हणजे क्लबच्या दृष्टीने भाडेनियंत्रणातला पागडीचा भाडेकरू. इमारत त्याच्या जिवावर उभी राहिली, आता त्याला कसं काढायचं एवढाच प्रश्न उरला आहे. इकडे वर्तमानपत्रांतून चिडचिड होते ती दहा पौंडांच्या स्कार्फवर आणि तो घालणाऱ्या बावळटावर, कारण तो समोर दिसतो आणि मराठी, कोरियन किंवा नॉर्वेजियन असल्यामुळे उलट उत्तर देत नाही. खुर्ची कोणी विकली हे मात्र कोणी विचारत नाही! स्कार्फ विकणारा फेरीवाला बहुतेक वेळा क्लबचा नसतोच. म्हणून क्लबचं अधिकृत चिन्हही त्यावर टाळलेलं असतं. पावसात उभा राहून तो दोघांचंही गिऱ्हाईक करतो, म्हणजे या सगळ्या व्यवहारात उघडपणे व्यापारी असलेला तो एकटाच.

वेळेचंही तसंच. शनिवारचे तीनचे सामने ब्रिटनमध्ये थेट दाखवायचे नाहीत, दुपारी पावणेतीन ते सव्वापाच पडदा बंद, असा तिथे १९६० च्या दशकापासूनचा रिवाज आहे. लोकांनी घरी न बसता मैदानावर जावं म्हणून. तोच सामना ठाण्यात हिवाळ्यात रात्री साडेआठला सोफ्यावर बसून दिसतो. मग टीव्हीच्या सोयीसाठी काही सामने दुपारी साडेबाराला ओढले गेले. ती ठाण्यात संध्याकाळची सहाची वेळ, चहाबरोबर उत्तम. त्या चहासाठी इंग्लंडच्या दुसऱ्या टोकाचा पाहुणा पाठीराखा पहाटे पाचला घर सोडतो. रात्रीचा सामना असला तर परतीची शेवटची गाडी चुकते. मैदानावर प्रत्यक्ष जाऊन स्कार्फ घेणाऱ्याला हसणाऱ्या सोफ्यावरल्या मंडळींनी हे लक्षात घेतलेलं बरं.

महाराष्ट्रात या स्कार्फचा प्रसार एका जागी पूर्ण अयशस्वी ठरेल. कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा आहे आणि तालमी पेठांच्या आहेत. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की हजारोंनी लोक येतात, पोलीस बंदोबस्त लागतो आणि कोण कुठे बसणार हे तिकिटावर न लिहिताही सगळ्यांना माहीत असतं. तिथे एका टोकाला शिवाजी पेठ आणि दुसऱ्या टोकाला मंगळवार पेठ विणलेला मफलर विकायला कोणी उभा राहिल्यास त्याला पहिला प्रश्न विचारला जाईल: ‘तू कुठला रं?’ त्याला उत्तर देता येणार नाही. आलं तरी निम्मंच येईल. जत्रेत काय वाटेल ते विकलं जातं, पण दोन पेठांच्या मध्ये गळ्यात अडकवायची वस्तू तिथे आजवर कोणी आणलेली नाही.

उर्वरित महाराष्ट्रात हा स्कार्फ लंडनहून परतलेल्या भाच्यांच्या बॅगांतून येतो. पहिल्या आठवड्यात तो दिवाणखान्याच्या भिंतीवर, फ्रेमच्या खिळ्याला लटकतो. पाहुणे विचारतात, यातली तुझी टीम कुठली, आणि भाचा दोन्ही टोकांकडे बघतो. मुंबईत तो घालण्याइतकी थंडी पडत नाही. पुण्यात डिसेंबरात आठ-दहा दिवस पडते, तेव्हा आजी तो घेते. आतल्या चिठ्ठीवर शंभर टक्के अॅक्रिलिक असं लिहिलेलं असतं. लोकर त्यात नसते.