पॅरिसची ममी

पॅरिसच्या बार्बेस चौकात १९२१ साली ‘लुक्सोर’ हे थिएटर उघडलं. तूतनखामेनची कबर सापडायला अजून वर्षभर अवकाश होता. पण पॅरिसकरांची इजिप्तची हौस कबरीसाठी थोडीच थांबणार! भिंतीवर कमळं, नाग, पंखवाले भुंगे, आत सिनेमा.

१९८१मध्ये सरकारनं दर्शनी भाग वारसा ठरवला. ममी करतानाही बाहेरचा आकार जपतात आणि आतलं काढून टाकतात. तसंच झालं. १९८३मध्ये सिनेमा बंद पडला, मग डिस्को आला, १९८८मध्ये तोही गेला. पुढची पंचवीस वर्षं फेरोची झोप. महापालिकेनं २००३मध्ये इमारत विकत घेतली, तरी फेरोला उठायला आणखी दहा वर्षं लागली. सरकारी गजर सगळीकडे सारखाच वाजतो म्हणायचा.

२०१३मध्ये रंगरंगोटी होऊन तिथं पुन्हा पडदा उजळला, आता कलात्मक चित्रपटांसाठी. मोठ्या प्रेक्षागृहाला नाव दिलं इजिप्तचे दिग्दर्शक युसुफ शाहीन यांचं. इजिप्तच्या नावानं नटलेल्या या वास्तूला आपल्या पाटीवर इजिप्तचा माणूस बसवायला ब्याण्णव वर्षं लागली, तोही मरणोत्तर.