दुखणं एकाचं, बोलणं दुसऱ्याचं

हाड मोडलं तर एक्स-रे काढता येतो, साखर वाढली तर रक्त तपासता येतं. मनाच्या आजारात रुग्णालाच बोलावं लागतं. झोप लागते का, कानात आवाज येतात का, कुणी मागावर आहे असं वाटतं का, जीव नकोसा झालाय का? या प्रश्नांची उत्तरं हीच तिथली मुख्य तपासणी. रुग्णाची भाषा डॉक्टरला कळत नसेल, तर ती तपासणी झालेलीच नसते. तरीही केसपेपरवर निदान लिहिलं जातं आणि गोळ्या सुरू होतात.

ठाण्यातल्या बांधकामावर झारखंडमधल्या दुमक्याचा एक संथाळ पोरगा आहे असं धरा. चार रात्री डोळ्याला डोळा नाही, जेवणावरची वासना उडालेली, मध्येच उठून पळत सुटतो. त्याला सरकारी दवाखान्यात कोण आणणार? ठेकेदार. पोरगा दोन मिनिटं काकुळतीला येऊन बोलतो आणि ठेकेदार सांगतो, ‘साहब, दिमाग फिर गया है.’ संपलं! त्या दोन मिनिटांत काय काय असू शकतं? थकलेली मजुरी, अडकवून ठेवलेलं आधार कार्ड, घरी वारलेला बाप आणि नाकारलेली सुट्टी. ‘हा माणूस मला मारेल’ असं तो म्हणाला असेल, तर ते डॉक्टरपर्यंत पोचवायचं काम त्याच माणसाकडे. आणि समजा पोचलंच, तरी ‘संशयाचा भ्रम’ म्हणून त्याची नोंद होण्याची भीती आहेच. भीती आजारातली की बांधकामावरची, याची शहानिशा करायला ज्याच्याशी बोलायला हवं, त्याच्याशी कुणी बोललेलंच नसतं.

‘त्याला हिंदी येते की,’ हे उत्तर आता पुरे झालं. येते, कामापुरती. किती गोण्या उतरवल्या हे सांगायला पुरणारी हिंदी, मरावंसं वाटतंय हे सांगायला पुरत नाही.

हा प्रश्न फक्त परप्रांतीयांचा आहे असं समजून कुणी पान उलटू नये. मेळघाटातली कोरकू बाई अमरावतीला उपचारासाठी येते, धडगावची पावरी बोलणारी मुलगी नंदुरबारला येते. राज्य त्यांचंच, तरी डॉक्टरसमोर त्या परक्याच. मग सोबतचा पुतण्या दुभाषा होतो, नाहीतर नवरा. नवरा मारतो हे ती बाई नवऱ्याच्याच तोंडून डॉक्टरला कसं सांगणार? आपल्या बीडचे ऊसतोड मजूर कोयता घेऊन कर्नाटकात जातात, तिथल्या दवाखान्यात भाषेवाचून अडणारे तेच असतात. तेव्हा आपल्याला जो न्याय हवा, तोच इथे आलेल्याला द्यायला हवा.

कायदा याबाबतीत संदिग्ध नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 सालचा. त्याच्या 22 व्या कलमानुसार आजाराची आणि उपचाराची माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत मिळणं हा त्याचा हक्क आहे. 18 वं कलम सरकारी सेवेत धर्म, जात, संस्कृती, वर्ग असा भेद करायला मनाई करतं. 100 वं कलम रस्त्यावर भटकणाऱ्या बेघर मनोरुग्णाची हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद घ्यायला आणि त्याचं घर शोधायला पोलिसांना बांधील करतं. पण गावाचं नाव सांगणाऱ्याची भाषाच कुणाला कळली नाही, तर घर शोधणार कसं? कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा ही संस्था हे काम वर्षानुवर्षं करते आहे. रस्त्यावरून आणलेली माणसं उपचारांनी सावरतात, गावाचा पत्ता सांगतात आणि संस्थेचे कार्यकर्ते त्यांना देशाच्या कानाकोपऱ्यात घरी नेऊन पोचवतात. 2018 साली वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुरस्काराचं कौतुक सगळ्यांनी केलं. ती पद्धत सरकारी दवाखान्यांनी कधी उचलायची?

यावर ठरलेलं उत्तर येतं: मानसोपचारतज्ज्ञच अपुरे आहेत, दुभाषे कुठून आणणार? फोनवरून आणा. ऑस्ट्रेलियाने स्थलांतरितांसाठी टेलिफोनवरच्या दुभाष्यांची सेवा 1973 साली सुरू केली, तेव्हा खिशात मोबाइल नव्हते. आपल्याकडे ऑक्टोबर 2022 पासून टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, 14416 क्रमांकावर, वीस भाषांत. वेगवेगळ्या राज्यांत त्या त्या भाषेत बोलणारे प्रशिक्षित समुपदेशक तिथे बसलेले आहेत. ठाण्याच्या ओपीडीतल्या डॉक्टरला ओडिया किंवा बंगाली समुपदेशक फोनवर जोडून देण्याची सोय त्याच यंत्रणेत करा. संथाळी, कोरकू, गोंडी, पावरी यांच्यासाठी त्या त्या समाजातली शिकलेली मुलं-मुली निवडा. रुग्णाचं बोलणं जसंच्या तसं सांगायचं, मनाचं घालायचं नाही आणि ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही, एवढं त्यांना नीट शिकवा आणि या कामाचा पगार द्या. वॉर्डातल्या मावशींना हाक मारून भागवणं बंद करा.

दुभाषा नसला तर खर्च वाचतो हाही गैरसमजच. काही गोळ्यांनी हात थरथरतात, जबडा आखडतो. डोस बदलला किंवा जोडीला दुसरी गोळी दिली की हा त्रास सहसा आटोक्यात येतो. पण तो सांगायचा कुणाला? पोरगा गोळ्या बंद करतो, आजार उलटतो, पुढच्या वेळी त्याला हातपाय बांधून आणतात. नाहीतर तो गावची गाडी पकडतो आणि तिथल्या डॉक्टरच्या हाती अपुऱ्या तपासणीचा कागद पडतो. सगळं पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून मागणी साधी आहे आणि ती आरोग्य खात्याच्या एका परिपत्रकाने सुरू होऊ शकते. मानसोपचार विभागाच्या प्रत्येक केसपेपरवर दोन रकाने छापा: रुग्णाची भाषा कोणती, आणि दुभाषा कोण होता. दुसऱ्या रकान्यात ‘ठेकेदार’, ‘नवरा’ किंवा ‘कुणी नाही’ असं लिहावं लागलं, तर तातडीचे उपचार जरूर करा, पण तपासणी अपुरी आहे असा शेरा मारा आणि ती ठरलेल्या मुदतीत पुन्हा करा. अर्धवट ऐकून दिलेलं निदान माणसाच्या कपाळी कायमचं चिकटवण्याचा अधिकार कुठल्याही दवाखान्याला नाही.