भैरवी झाली का?

मैफलीला यायची वेळ तिकिटावर छापलेली असते, जायची वेळ भैरवी सांगते. गायकाने नुसतं ‘आता भैरवी...’ म्हणायचा अवकाश, षड्जाआधी सभागृहात हालचाल सुरू होते. काकू पर्समध्ये किल्ली शोधतात, काका पायानेच खुर्चीखालच्या चपला चाचपतात आणि मागून कुणीतरी ‘गर्दी व्हायच्या आत गाडी काढू’ असं कोमल निषादाहूनही कोमल आवाजात सुचवतं.

मुळात भैरवी म्हणजे भैरवाची भार्या, आणि भैरव म्हणजे भय उपजवणारा. दहा महाविद्यांमध्ये ती उग्र देवता. रागमालेच्या चित्रांत मात्र शांतपणे शिवलिंगाची पूजा करणारी. भातखंड्यांनी दहा थाट बसवले, त्यांतला एक तिच्या नावाने केला. रे, ग, ध, नी हे चारही स्वर कोमल. ठुमरीवाल्यांच्या हाती लागली की ती बाराही स्वरांना घरात घेते. एवढी मोठ्या मनाची बाई, आणि आपण तिला दारावरची घंटा करून टाकलं!

शास्त्राने हा राग सकाळचा ठरवला आहे. मग तो मैफलीच्या शेवटी का? कारण पूर्वी मैफलीचा शेवटच सकाळी व्हायचा. रात्री जेवून बसलेली मंडळी तांबडं फुटेपर्यंत हलत नसत. भीमसेन जोशींच्या पुढाकाराने १९५३ साली पुण्यात सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सवही रात्र रात्र चाले. पुढे २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि मोकळ्या मैदानातले कर्णे रात्री दहाला मिटू लागले. कलाकार आता पावणेदहालाच भैरवी धरतात. कायद्याने रात्र कापली, पहाट तेवढी आपण जागच्या जागी ठेवली.

तसा शेवटासाठी मराठीत शब्दांचा तुटवडा नाही. नाटकाला भरतवाक्य आहे, तबल्याला तिहाई आहे, कार्यक्रमाला पसायदान आहे. पण सभासंमेलनांत वक्ता आवरेना की संयोजक चिठ्ठी पाठवतात ती ‘भैरवी घ्या’ अशीच. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत तर पाण्याच्या टाकीवरचा वाद रंगला की हटकून कुणीतरी ओरडतं, ‘अध्यक्ष, भैरवी!’ ओरडणाऱ्याला यमन आणि यजमान यांतला फरक कळत असेल, याची खात्री देता येत नाही.

ही सवय अंगात मुरली की परगावी पंचाईत होते. आमचे एक नातेवाईक चेन्नईत लेकीकडे गेले आणि तिथे कचेरीला, म्हणजे आपल्या भाषेत मैफलीला, जाऊन बसले. गायिकेने सुरुवातीलाच भैरवीचं नाव घेतलं. हे तडक उठले. ‘एवढ्यात संपलं? तिकिटाचे पैसे?’ लेकीने सदरा ओढून खाली बसवलं. कर्नाटक संगीतात भैरवी हा वेगळाच राग आहे. तिच्यातल्या ‘विरिबोणी’ या प्रसिद्ध वर्णमने कित्येकदा कचेरीचा आरंभ होतो. आपल्या भैरवीची जवळची नातलग तिथे सिंधुभैरवी म्हणून ओळखली जाते आणि निरोपाला ‘मंगलम्’ असतं. हे सगळं समजावून सांगितल्यावरही काका पुढचे दोन तास चपला घालूनच बसले होते म्हणे.

भैरवीनंतर दुसरा राग रंगत नाही, असं जुने गवई मानत आले आहेत. म्हणून ती शेवटी गायची. ती ऐकली की निघायचं, एवढाच त्याचा अर्थ आहे; ती सुरू झाली की निघायचं, असं कुठल्याही घराण्यात सांगितलेलं नाही. तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी जरा बसा. पार्किंगमधून गाडी निघायला तसाही अर्धा तास लागतोच.